वर्णानुक्रमी शब्दओळख

वर्णानुक्रमी शब्दओळख : कोशातल्या क्रमाचा आधार घेऊन गुप्त शब्द हुडकण्याचा रोजचा खेळ. खेळणाऱ्याने एक शब्द सुचवायचा; उत्तर त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच त्याला सांगितले जाते. अक्षरसंख्या, अर्थ, लिंग यांतले काही कळत नाही. वर्तमानपत्रातल्या आडव्या-उभ्या शब्दकोड्यात सूचक वाक्य हाताशी असते. जॉश वॉर्डल याने २०२१ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या ‘वर्डल’मध्ये अक्षरांचे रंग मदतीला येतात. इथे तसला कुठलाच आधार नाही, म्हणून पहिल्यांदा खेळणारा बावचळतो आणि मनात येईल तो शब्द टाकत सुटतो. हा खेळ शब्दसंग्रहाचा आहे असे मानले जाते, पण ते अर्धेच खरे. शब्द किती येतात याहून ते कोशात कुठे दाटीवाटीने बसले आहेत आणि खेळ रचणाऱ्याने कोणता क्रम धरला आहे, हे ठाऊक असणे इथे जास्त उपयोगी पडते.

मूळ युक्ती निम्मेकरणाची. प्रत्येक तर्क उरलेल्या यादीच्या बरोबर मध्यावर टाकला, तर प्रत्येक उत्तराबरोबर निम्मी यादी बाद होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) सुमारे ६० हजार शब्द आहेत. तो सगळा कोश समोर धरला तरी मध्य अचूक साधणाऱ्याला १६ तर्क पुरतात. कोश दुप्पट केला तर फक्त एक तर्क वाढतो.

सातारा जिल्ह्यातले ११ आणि सांगली जिल्ह्यातले १० असे २१ तालुके घेतले की ही रीत डोळ्यांसमोर उभी राहते. (दोन्ही जिल्हे एकत्र घेण्यात वावगे काही नाही, १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते.) क्रम असा लागतो : आटपाडी, कडेगाव, कराड, कवठेमहांकाळ, कोरेगाव, खंडाळा, खटाव, खानापूर, जत, जावळी, तासगाव, पलूस, पाटण, फलटण, महाबळेश्वर, माण, मिरज, वाई, वाळवा, शिराळा, सातारा. मधला, म्हणजे अकरावा, तासगाव. गुप्त नाव महाबळेश्वर असेल तर तासगावला ‘पलीकडे’ असे उत्तर येते, माणला ‘अलीकडे’, पाटणला ‘पलीकडे’, फलटणला पुन्हा ‘पलीकडे’, आणि पाचव्या तर्काला महाबळेश्वर हाती लागते. पाचाच्या वर तर्क लागेल असा तालुका या यादीत नाही. उलट कराड, पाटण, वाई असे ओळखीचे तालुके आठवतील तसे टाकणाऱ्याचे सात-आठ तर्क सहज जातात.

खरी अडचण मध्य ठरवण्यात आहे. वर्णमालेची अक्षरे मोजली, बारा स्वर आणि पुढे व्यंजने, तर मध्य ‘ट’जवळ येतो. पण ‘ट’ने सुरू होणारे शब्द थोडे, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’चेही तसेच, ‘ङ’, ‘ञ’, ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी तर मराठी शब्द सुरूच होत नाहीत. शब्द दाटतात ते अ, क, प, म, व, स या अक्षरांत. त्यामुळे जाडजूड कोश मधोमध उघडला तर बोट ‘ट’वर न पडता ‘न’ संपून ‘प’ लागतो त्या भागात पडते. पहिला तर्क ‘निवड’ किंवा ‘पाऊस’सारखा असावा तो यासाठी. त्यापुढची पहिली चौथाई साधारण ‘ग’च्या आसपास आणि तिसरी ‘म’ संपून ‘र’ सुरू होतो तिथे धरावी. शाळकरी सवयीने ‘त’ किंवा ‘ट’पासून सुरुवात करणारा दर डावात एखाददुसरा तर्क फुकट घालवतो.

अक्षर पक्के झाल्यावर आत बाराखडी असते आणि तिथेही घरे सारखी भरलेली नसतात. ‘प’ घेतला तर ‘प’ आणि ‘पा’ भरगच्च, ‘पै’ आणि ‘पौ’ जवळजवळ रिकामे, आणि सगळ्यांच्या शेवटी जोडाक्षरांत ‘प्र’ची लांबलचक रांग : प्रकाश, प्रगती, प्रवास, प्रश्न. नवख्याला ही रांग आठवत नाही. ‘पोळी’च्या पलीकडे उत्तर आहे म्हटल्यावर तो लगेच ‘फ’कडे धावतो. ‘स’मध्ये दोन्ही टोके जड आहेत, आरंभी ‘सं’चे संस्कृत शब्द आणि शेवटी ‘स्थ’, ‘स्प’, ‘स्व’. ‘व’मध्ये ‘वि’ एकटा अर्धे घर बळकावून बसतो. उपसर्गांनी केलेली ही गर्दी ज्याच्या लक्षात राहते त्याचा मध्य फारसा चुकत नाही.

क्रम कोणाचा धरायचा, हा या खेळातला सर्वांत चिवट प्रश्न. इंग्रजीत सव्वीस अक्षरांबद्दल वाद नाही; मराठीत आहे, आणि तो कोशकारांनी आधीच आपापल्या परीने सोडवून ठेवला आहे. वाईच्या गंगापुरीत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली तिथे सिद्ध झालेला पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तो ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो आणि ‘आतुरचिकित्सा’ येईपर्यंत संपून जातो. या दोन शब्दांत खेळणाऱ्याला दोन गोष्टी शिकता येतात. एक, वीस खंडांच्या ग्रंथात पहिला अख्खा खंड ‘अ’ आणि ‘आ’च्या आरंभावर खर्ची पडतो, इतकी तिथे दाटी. दुसरी, अनुस्वाराचा शब्द साध्या शब्दाच्या आधी येतो. ‘अंक’ आधी, ‘अकबर’ नंतर.

पण ही एकच रीत नाही. अनुस्वार म्हणजे पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक असे संस्कृत वळणाने मानले, तर ‘खंडाळा’ हा ‘खण्डाळा’ होतो आणि ‘ट’च्या नंतरचा ‘ण’ त्याला मागे ढकलतो. मग वर दिलेल्या तालुक्यांच्या यादीत ‘खटाव’ आधी आणि ‘खंडाळा’ नंतर येईल. ‘सांगली’ आणि ‘सातारा’ यांचे मात्र दोन्ही रीतींत बिनसत नाही, कारण ‘ङ’ तसाही ‘त’च्या आधीच आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही दोन पक्ष आहेत. मोल्सवर्थ त्यांना ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात घालतो, शाळेत पाठ केलेली वर्णमाला त्यांना ‘ह’, ‘ळ’च्या पुढे शेवटी बसवते. ‘क्षमा’ हे उत्तर असेल तर एका पक्षाचा खेळाडू कोशाच्या पहिल्या चौथाईत असतो आणि दुसऱ्याचा शेवटच्या पानावर.

संगणकाने यात स्वतःची भर घातली. मराठीचा क्रम वेगळा लावून दिला नाही, तर संगणक युनिकोडमधल्या अनुक्रमांकांप्रमाणे शब्द मांडतो. त्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. सांगलीच्या बाजारपेठेतला ‘हळद’ हा शब्दच उत्तर म्हणून धरू. पाऊस : पलीकडे. वाट : पलीकडे. साखर : पलीकडे. हार : अलीकडे. हत्ती : पलीकडे. आता उत्तर ‘हत्ती’ आणि ‘हार’ यांच्यामध्ये अडकले आहे आणि खेळाडू ‘हवा’ टाकतो. शाळेतली वर्णमाला पाळणारा खेळ ‘पलीकडे’ म्हणेल, कारण तिथे ‘ळ’ हा ‘ह’च्याही नंतर येतो, युनिकोडवर चालणारा ‘अलीकडे’ म्हणेल. हे न कळलेला खेळाडू मग हद्द, हप्ता, हमाल, हरण, हलगी असे सगळे धुंडाळतो आणि खेळाला नावे ठेवतो. ‘ॲ’ची तऱ्हा तर आणखी विचित्र. २००९ च्या शासन निर्णयाने त्याला मराठी वर्णमालेत रीतसर जागा दिली, पण युनिकोडमध्ये तो बराच उशिरा आल्यामुळे त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा आहे. म्हणून ‘ॲप’ हा शब्द ‘ह्रस्व’च्या पलीकडे सापडू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. नव्या खेळाच्या पहिल्या डावात जिंकण्याचा हट्ट सोडून ‘कट’ आणि ‘कंठ’, ‘हळू’ आणि ‘हवा’, ‘क्षण’ आणि ‘हिरा’ अशा जोड्या टाकाव्यात. टाकलेले शब्द पडद्यावर क्रमाने लावून दाखवण्याची सोय असेल, तर कोण वर आणि कोण खाली एवढे पाहून रचणाऱ्याचा पक्ष कळतो. पुढचे सगळे डाव त्यावर निघतात.

शुद्धलेखनाचा भाग याला जोडूनच येतो. ‘फुल’ की ‘फूल’, ‘पिक’ की ‘पीक’ याने एरवी कोणाचे अडत नाही, पण इथे ‘पि’ आणि ‘पी’ ही वेगळी घरे आहेत आणि मधे ‘पितळ’, ‘पिवळा’, ‘पिशवी’ असे पुष्कळ शब्द बसलेले असतात. १९६२ च्या लेखननियमांनी मराठी शब्दांतला उपान्त्य इकार-उकार, शेवटचे अक्षर अकारान्त असेल तेव्हा, दीर्घ ठरवला. ‘विष’, ‘गुण’ यांसारख्या तत्सम शब्दांना त्यातून सूट दिली. त्याच नियमांनी न उच्चारला जाणारा अनुस्वारही काढून टाकला. जुना कोश घेऊन बसणाऱ्याने हे विसरू नये. मोल्सवर्थने पुणे आणि महाबळेश्वर येथे राहून दुसऱ्या आवृत्तीचे काम केले तेव्हा लिहिणारे ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहीत. आजच्या ‘नाव’च्या जागी त्यात ‘नांव’ सापडत नाही.

खेळात कौशल्य किती आणि दैव किती, हा प्रश्न शब्दकोड्यांच्या बाबतीत एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोठ्या बक्षिसांच्या क्रॉसवर्ड स्पर्धा तेव्हा जोरात होत्या. एका सूचनेला दोन-तीन शब्द सारखेच बसत आणि आयोजकाच्या बंद पाकिटात कोणता आहे यावर बक्षीस ठरे. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर कर आणि नियंत्रण बसवले आणि १९५२ मध्ये राज्याबाहेर छापलेली पत्रेही त्यात ओढली. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधल्या स्पर्धेवरून चमारबागवाला यांचा खटला उभा राहिला आणि १९५७ मध्ये न्यायालयाने अशा स्पर्धा जुगारात मोडतात असे ठरवले. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याकाठी हजार रुपयांवरच्या बक्षिसांना मनाई केलीच होती. वर्णानुक्रमी शब्दओळखीत पाकीट बंद असते खरे, पण प्रत्येक तर्काला खरे उत्तर मिळते. इथे दैवाला वाव उरतो तो फक्त शेवटच्या दोन-चार शब्दांत.

तो शेवटचा टप्पा आला की निम्मेकरण आखडते घ्यावे. मधला शब्द कोशात असला तरी रचणाऱ्याने तो निवडला असेलच असे नाही. रोजच्या खेळात बहुधा रोजच्या वापरातली नामे आणि विशेषणे असतात, क्रियापदे ‘णे’ लावलेल्या रूपात येतात आणि ‘घराला’, ‘झाडाखाली’ अशी विभक्तीची रूपे येत नाहीत. ‘घर’ आणि ‘घाट’ यांच्यामध्ये अडकलेल्याने ‘घरघर’च्या आधी ‘घसा’ आठवावा.

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतल्या खेळाडूला आणखी एक पथ्य पाळावे लागते. इथल्या बोलीत शब्दारंभीचा ‘व’ गळतो किंवा बदलतो : विळा हा इळा, वीट ही ईट, वेळ ही येळ, विहीर ही नुसती हीर. खेळ प्रमाण मराठीतला असल्यामुळे उत्तर ‘व’मध्येच असते. मनातल्या मनात बोलीत विचार करणारा ‘हीर’ शोधत ‘ह’पर्यंत जातो आणि श, ष, स ही तीन अक्षरे ओलांडून परत ‘वि’कडे येतो, ‘येळ’ धरून बसलेला ‘य’च्या घरात घुटमळतो, आणि ‘वे’ तिथून ‘र’, ‘ल’ आणि ‘वि’ची सगळी गर्दी टाकून पुढे असतो.