सुप्रिया सुळे : वडिलांचा मतदारसंघ, तीन लढती आणि दौंडचं गणित

उणे २५ हजार. उणे ७ हजार. अधिक २६ हजार.

२०१४, २०१९ आणि २०२४ या तीन लोकसभा निवडणुकांमध्ये दौंड विधानसभा मतदारसंघाने सुप्रिया सुळे यांना दिलेला हा साधारण हिशोब. पहिल्या दोन वेळा त्या दौंडमध्ये मागे पडल्या, तिसऱ्या वेळी पुढे गेल्या. खासदार मात्र तिन्ही वेळा त्याच झाल्या.

'शरद पवारांची मुलगी' एवढी ओळख पुरेशी असती तर हे आकडे असे खाली-वर झाले नसते. म्हणूनच त्यांचा प्रवास समजून घ्यायला बारामतीइतकंच दौंडकडेही बघावं लागतं.

घराण्याची सुरुवात आजीपासून

पवार घराण्याचं राजकारण म्हटलं की आपण शरद पवारांपासून सुरुवात करतो. पण या घरातून पहिल्यांदा निवडून आलेली व्यक्ती एक बाई होती. शरद पवारांच्या आई शारदाबाई पवार १९३०च्या दशकात पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या. नंतर त्यांनी शेतकरी कामगार पक्षाचं काम केलं.

शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून आमदार झाले आणि १९७८ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री. सुप्रिया यांचा जन्म ३० जून १९६९ चा, पुण्यातला. त्या एकुलत्या एक. आई प्रतिभा पवार या कसोटी क्रिकेटपटू सदाशिव शिंदे यांच्या कन्या.

सुप्रिया यांनी मुंबईच्या जय हिंद कॉलेजातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं. १९९१ मध्ये सदानंद सुळे यांच्याशी लग्न झालं. त्यानंतर काही वर्षं अमेरिका, इंडोनेशिया आणि सिंगापूरमध्ये गेली. दोन मुलं झाली. राजकारणात त्या आल्या तेव्हा वय ३७ होतं.

तोपर्यंत त्यांचे चुलत भाऊ अजित पवार राजकारणात चांगलेच रुळले होते. १९९१ पासून बारामतीची आमदारकी त्यांच्याकडे होती. त्यामुळे 'पवारांचा वारस कोण, पुतण्या की लेक?' हा प्रश्न सुप्रिया यांच्या पहिल्या दिवसापासून सोबत चालत आला.

बिनविरोध सुरुवात, मग वडिलांची जागा

सप्टेंबर २००६ मध्ये त्या राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. विरोधातल्या शिवसेनेनेही त्यांच्यासमोर उमेदवार दिला नाही. बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार यांच्या मैत्रीचं उदाहरण म्हणून हा किस्सा आजही सांगितला जातो.

२००९ मध्ये शरद पवार माढ्यातून लढले आणि बारामती लेकीसाठी मोकळी झाली. सुप्रिया सुळे यांनी भाजपच्या कांता नलावडे यांचा ३ लाख ३६ हजारांहून जास्त मतांनी पराभव केला. नलावडे यांना मिळालेल्या एकूण मतांच्या दुप्पटीहून मोठी ही आघाडी होती.

यात त्यांचं स्वतःचं किती होतं? प्रामाणिक उत्तर : फारसं नाही. मतदारसंघ तयार, कार्यकर्ते तयार, कारखाने आणि सोसायट्यांचं जाळं तयार. खरी परीक्षा पुढे होती.

बारामती म्हणजे फक्त बारामती नाही

बारामती लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात : बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला. एकीकडे ऊस आणि कांदा, दुसरीकडे पुण्याच्या सोसायट्या. भोर मतदारसंघात मुळशी तालुका येतो, म्हणजे हिंजवडीचं आयटी पार्कही याच खासदारांच्या हद्दीत.

दौंड या सगळ्यात वेगळं आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन, कुरकुंभची एमआयडीसी, पुणे-सोलापूर महामार्गावरची यवत-पाटस पट्ट्यातली गावं आणि भीमाकाठचा ऊस. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका लागतो, पण तो शिरूर लोकसभा मतदारसंघात आहे. नदी ओलांडली की खासदार बदलतो, शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहतात.

आणि दौंडमध्ये दुसरं एक घराणं आहे. कुल.

दौंडचं कुल घराणं

आमदार सुभाष कुल यांचं २००१ मध्ये निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी रंजना कुल राष्ट्रवादीकडून निवडून आल्या आणि २००४ मध्ये पुन्हा जिंकल्या. पुढे मुलगा राहुल कुल राजकारणात आले.

२०१४ च्या लोकसभेला भाजपने बारामतीची जागा मित्रपक्ष राष्ट्रीय समाज पक्षाला सोडली. महादेव जानकर उभे राहिले. मोदी लाटेत सुळे यांची आघाडी ६९ हजार ७१९ वर आली. दौंड, पुरंदर आणि खडकवासल्यात त्या मागे पडल्या. एकट्या बारामती विधानसभेने त्यांना सुमारे ९० हजारांची आघाडी दिली, म्हणून जागा वाचली. त्याच वर्षी विधानसभेला राहुल कुल जानकरांच्याच पक्षाच्या तिकिटावर दौंडचे आमदार झाले.

२०१९ मध्ये भाजपने थेट दौंडचाच उमेदवार दिला : राहुल कुल यांच्या पत्नी कांचन कुल. त्यांचं माहेर बारामती तालुक्यातलं वडगाव निंबाळकर. त्यामुळे 'बारामतीची लेक, दौंडची सून' असा हा सामना होता, तोही बारामतीच्याच दुसऱ्या लेकीशी. कांचन कुल यांना ५ लाख ३० हजार मतं पडली. दौंडमध्ये त्या सुमारे ७ हजारांनी पुढे राहिल्या. सुळे एकूण १ लाख ५५ हजार ७७४ मतांनी जिंकल्या.

खासदार म्हणून काम काय?

२०१२ मध्ये सुळे यांच्या पुढाकाराने राष्ट्रवादी युवती काँग्रेस सुरू झाली. पक्षात तरुण मुलींसाठी वेगळं व्यासपीठ हवं, हा त्यामागचा विचार. स्त्रीभ्रूणहत्येचा विषयही त्यांनी लावून धरला.

लोकसभेत त्यांची ओळख आहे ती प्रश्न विचारणाऱ्या आणि चर्चेत भाग घेणाऱ्या खासदाराची. २०१८ मध्ये त्यांनी 'राइट टू डिस्कनेक्ट' हे खासगी विधेयक मांडलं. ऑफिसची वेळ संपल्यावर बॉसचा फोन किंवा मेल आला तर त्याला उत्तर न देण्याचा कर्मचाऱ्याला हक्क असावा, असं ते विधेयक सांगतं. २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयकही त्यांनी मांडलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि १९७० नंतर एकही नाही. त्यामुळे अशा विधेयकांचा उपयोग विषय चर्चेत आणण्यापुरता असतो.

दौंडपुरतं सांगायचं तर पुणे-दौंड लोकलची मागणी त्या अनेक वर्षं करत आल्या आहेत. रोज पुण्याला ये-जा करणाऱ्या दौंडकरांसाठी हा घराणेशाहीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली. त्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, सुळे आणि शिरूरचे खासदार अमोल कोल्हे या दोघांचंही लोकसभेतून निलंबन झालं. संसदेच्या सुरक्षेवर सरकारने निवेदन द्यावं, या मागणीवरून विरोधकांचा गदारोळ सुरू होता. त्यानंतर महिनाअखेरीला कांद्यासह शेतीच्या प्रश्नांवर जुन्नर ते पुणे असा शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. त्यातही हे दोघं होते. भीमेच्या दोन्ही काठांवरचा राग एकत्र आला होता.

नणंद विरुद्ध भावजय

१० जून २०२३ रोजी शरद पवारांनी सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल यांना पक्षाचे कार्याध्यक्ष केलं. २ जुलैला अजित पवार सत्तेत सहभागी झाले आणि पक्ष फुटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. सुळे यांच्या हाती आलं नवं चिन्ह : तुतारी वाजवणारा माणूस.

आणि बारामतीत समोर उभ्या राहिल्या सुनेत्रा पवार. अजित पवारांच्या पत्नी, माहेर धाराशिवचं पाटील घराणं.

प्रचारात मुद्दा फिरला तो लेक आणि सून या दोन शब्दांभोवती. आजवर वडिलांना, मुलाला, लेकीला निवडून दिलंत, आता सुनेला द्या, असं आवाहन अजित पवारांनी केलं. त्यावर शरद पवारांनी 'मूळ पवार' आणि 'बाहेरून आलेल्या पवार' असा फरक केला, आणि त्यांच्यावर टीका झाली. लग्न होऊन आलेली बाई चार दशकांनंतरही बाहेरचीच का, हा प्रश्न अनेकींना लागला. गंमत म्हणजे १९९४ मध्ये महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क देणारा बदल झाला, तेव्हा मुख्यमंत्री शरद पवारच होते.

कागदावर दौंड सुळे यांच्यासाठी अवघड होतं. आमदार राहुल कुल आता भाजपचे, म्हणजे सुनेत्रा पवारांच्या बाजूचे. माजी आमदार रमेश थोरात अजित पवारांसोबत. तालुक्यातले दोन्ही मोठे नेते विरोधात.

निकाल लागला आणि सुळे दौंडमध्ये सुमारे २६ हजारांनी पुढे. एकूण आघाडी १ लाख ५८ हजार ३३३. सहापैकी फक्त खडकवासल्यात त्या मागे राहिल्या. बारामती विधानसभेची आघाडी मात्र २०१९ च्या सव्वा लाखावरून ४८ हजारांवर आली. म्हणजे पूर्वी घरच्या मतांनी बाहेरची तूट भरून निघायची. या वेळी घरचं कमी पडलं आणि बाहेरच्यांनी भरून काढलं.

शरद पवारांबद्दलची सहानुभूती, कांद्याचा राग आणि मित्रपक्षांची साथ हे सगळं त्यात होतंच. पण पक्ष, चिन्ह आणि स्थानिक नेते हातातून गेल्यावर मिळालेली ही पहिली आघाडी होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अजित पवारांनी बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करणं ही चूक होती, असं जाहीरपणे मान्य केलं. सुनेत्रा पवार जूनमध्येच राज्यसभेवर बिनविरोध गेल्या होत्या.

मग घराणेशाही हरली का?

नाही. २०२४ मध्ये बारामतीत कोणीही जिंकलं असतं तरी खासदार पवारांच्याच घरातला होणार होता. पाच महिन्यांनी विधानसभेला दौंडने पुन्हा राहुल कुल यांना निवडून दिलं. लोकसभेच्या वेळी समोरच्या बाजूला असलेले रमेश थोरात या वेळी शरद पवारांच्या पक्षाकडून लढले, तरी हरले. नदीपलीकडे शिरूर विधानसभेतही शरद पवारांच्या पक्षाचे अशोक पवार पडले. लोकसभेचं मत वेगळं आणि विधानसभेचं वेगळं, हे मतदारांनी दाखवून दिलं.

या भागातून गेल्या पंचवीस वर्षांत पुढे आलेली नावं बघा. रंजना कुल : पतीच्या निधनानंतर. कांचन कुल : आमदारांच्या पत्नी. सुनेत्रा पवार : तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या पत्नी. सुप्रिया सुळे : माजी मुख्यमंत्र्यांची कन्या. चौघींची कामं, पक्ष आणि वकूब वेगळे, पण तिकिटाचा रस्ता घरातूनच गेला.

महाराष्ट्रात पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे दौंड आणि शिरूरच्या गावागावांत सरपंच झालेल्या बायका आहेत. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाली. तो कायदा प्रत्यक्षात येईल तेव्हा पक्ष त्या जागा लेकी-सुनांनाच देतील, की एखाद्या सरपंचबाईंनाही?

शारदाबाई पवार लोकल बोर्डावर गेल्या, तेव्हा 'पवार' या आडनावामागे कोणतीही सत्ता नव्हती. आज तशा बाईला तिकीट मिळेल का, याचं उत्तर दौंडच्या मतदाराकडे नाही. ते पक्षांकडे आहे.