ड्रोनचे प्लॅस्टिकचे प्रोपेलर : झीज आणि साठवण

मंडळी, लिक्सलिपचा हिवाळा संपून उन्हे लांबली की कपाटातले ड्रोन बाहेर निघतात. बॅटरी आपण आठवणीने चार्ज करतो, प्रोपेलरकडे मात्र कोणी बघत नाही. चार प्रोपेलरच्या ड्रोनचे एक पाते हवेत तुटले तर तो तोल जाऊन कोसळतो, आणि खाली बहुधा आपलीच मुले उभी असतात. म्हणून ही थोडी माहिती.

प्लॅस्टिक खराब का होते?

ऊन : अतिनील किरणांमुळे एबीएस आणि पॉलिकार्बोनेट पिवळट व ठिसूळ होतात. ही किरणे ढगाळ दिवशीही असतात आणि खिडकीची काच ती सगळी अडवत नाही.

कोरडी हवा : नायलॉन हवेतला ओलावा शोषते, त्यामुळेच ते चिवट राहते. रेडिएटरजवळ ते वाळून कडक होते.

रसायने : अॅसिटोन, पेट्रोल आणि स्क्रू पक्के करायचा थ्रेडलॉकर यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. पुसायला कोमट पाणी व सौम्य साबण पुरे.

दाब : बॅगेत महिनोन्महिने वाकून राहिलेले पाते तसाच बाक धरते. मग ड्रोन थरथरतो.

कसे ठेवावेत?

१. झाकणाच्या, आरपार न दिसणाऱ्या डब्यात, सपाट. वर वजन नको.
२. खोलीच्या साध्या तापमानाला. हॉट प्रेस, सनरूम आणि गाडीचा डॅशबोर्ड नको.
३. उजवे-डावे वेगळे ठेवून पाकिटावर खरेदीची तारीख लिहावी.

उडवण्यापूर्वी

कडेवरून हलके बोट फिरवून खाच लागते का पाहा. पाते किंचित वाकवून सोडा. ते लगेच सरळ व्हायला हवे. मुळाशी पांढरी रेघ दिसली तर तिथे ताण बसला आहे असे समजा. रेघ, खाच किंवा तडा असलेला प्रोपेलर गोंद लावून वापरू नका. घडीचा असेल तर त्या मोटरची दोन्ही पाती बदला. जुने पाते मोडूनच टाका, म्हणजे मुले ते पुन्हा लावणार नाहीत.

जाता जाता : वेस्टन विमानतळ आपल्या अगदी जवळ आहे. उडवण्याआधी आयरिश एव्हिएशन ऑथॉरिटीचा नकाशा जरूर पाहावा. 250 ग्रॅम वा अधिक वजनाचा किंवा कॅमेरा असलेला ड्रोन (खेळणी वगळून) उडवायचा तर तिथे नोंदणी सक्तीची आहे.

प्रोपेलर हा ड्रोनचा सर्वांत स्वस्त भाग. शंका आली की बदलावा, हेच उत्तम.