मिशन, सिव्हिल आणि दादीचं नाव

आमची दादी शेवटपर्यंत कुठल्याही मोठ्या दवाखान्याला ‘मिशन’च म्हणायची. सांगलीच्या सिव्हिलला जायचं असलं तरी ती पिशवी भरताना म्हणे, “मिशन कू जाना है.” तासगाव तालुक्यातल्या तिच्या पिढीसाठी दवाखाना म्हणजे मिरज आणि मिरज म्हणजे मिशन.

ते साहजिकही होतं. डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानं 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांचा, गाव पटवर्धन संस्थानिकांचं, आणि रुग्ण सगळ्या जातीधर्मांचे. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातूनही माणसं यायची. एकीकडे मीरासाहेबांचा दर्गा, दुसरीकडे मिशन. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत प्लेगनं आजारी पडले आणि दर्ग्यात गाऊन बरे झाले, अशी आठवण मिरजकर आजही सांगतात. आमच्या घरात दोन्ही इलाज चालत. आधी दर्ग्याचा ताईत, मग मिशनचं इंजेक्शन. बरं वाटलं की दोघांचेही आभार.

सरकार या गोष्टीत उशिरा आलं. 1946 साली भोर समितीनं सांगून ठेवलं होतं की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये. 1949 मध्ये संस्थानं विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे आज ज्यांना आपण दोन जिल्हे म्हणतो, त्यांचा बराचसा भाग प्रतिसरकारच्या काळात एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग 1962 साली मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेज निघालं. सरकारनं तेव्हा शहाणपणाचा आणि काटकसरीचा मार्ग धरला: कॉलेज सरकारचं, पण शिकवण्यासाठी खाटा मिशनच्या आणि सांगलीच्या सिव्हिलच्या. मिशनऱ्यांनी उभं केलेलं काम सरकारनं वापरलं, यात मला कमीपणा वाटत नाही. पुढे मिशनला उतरती कळा लागली आणि गरिबांचा सगळा भार सरकारी खाटांवर आला, ही गोष्ट वेगळी.

साताऱ्याचं काय झालं? यशवंतराव चव्हाणांच्या कराडचा हा जिल्हा, पण सरकारी मेडिकल कॉलेजची त्यानं जवळपास साठ वर्षं वाट पाहिली. मधल्या काळात 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना दार उघडलं आणि कराडला कृष्णा ट्रस्टचं मेडिकल कॉलेज निघालं. त्या ट्रस्टनं काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. कराड, पाटणचे हजारो लोक तिथे बरे झाले. पण कॉलेज खाजगी झालं की सरकारची घाई संपते. गंमत बघा, सांगलीच्या सरकारी रुग्णालयाला नाव वसंतदादांचंच आहे. साताऱ्याच्या सिव्हिलला नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं. ते मात्र शोभतं.

साताऱ्याचं शासकीय कॉलेज अखेर 2021-22 च्या तुकडीपासून, 100 विद्यार्थ्यांवर, सिव्हिलच्या आधारानं सुरू झालं. स्वतःच्या इमारती कृष्णानगरला पाटबंधारे खात्याच्या जागेत. माण-खटावच्या माणसानं मोठ्या ऑपरेशनसाठी पुणं किंवा मिरज गाठायचं, ही साठ वर्षांची सवय यातून मोडली तर या खर्चाइतका चांगला खर्च नाही.

पण एक बारकावा आहे, तो फारसा कुणी बोलत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, अशी बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ते मोफत झाले सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात, त्यांना तो निर्णय लागू नव्हता. सांगली-मिरजेची दोन्ही मोठी रुग्णालयं याच दुसऱ्या विभागाची. एकाच सरकारची दोन दारं. एकावर फी नाही, दुसऱ्यावर आहे. बागवान गल्लीतल्या गाडेवाल्याला हा फरक कुणी समजावायचा? सिव्हिलला कॉलेज जोडलं की डॉक्टर वाढतात, हे खरं. पण केसपेपरच्या खिडकीवर काय होतं, हेही विचारायला हवं.

उरलेली वाट योजनांची. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढे तिचं नाव महात्मा फुले यांच्यावरून पडलं. कार्ड दाखवा, खाजगीतही उपचार घ्या. दादीला एका खाजगी दवाखान्यात आम्ही असंच नेलं होतं. रेशनकार्डावर नाव ‘रसूलबी मुलाणी’, आधारवर ‘रसुल बी मुल्लाणी’. काउंटरवरच्या मुलानं कागद परत केले. तो उर्मट नव्हता, त्याचा संगणकच घेत नव्हता. उर्दूतलं नाव मराठी कारकुनानं कानावर विसंबून लिहिलं की प्रत्येक कागदावर वेगळं उमटतं. आपल्या घराघरांत अशी दोन-तीन नावांची माणसं आहेत.

आम्ही रिक्षा वळवली आणि सांगलीच्या सिव्हिलला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “आजींचं नाव?” मी सांगितलं. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं, तिसऱ्याच पद्धतीनं, आणि केसपेपर हातात दिला. दादी वॉर्डात पडल्या पडल्या शेजारच्या बाईला सांगत होती, “मिशन में लाये मेरे कू.”