देवराई-संशोधन, पुणे

ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या रानाला सह्याद्रीत देवराई म्हणतात. रत्नागिरीकडे त्यालाच देवरहाटी म्हणतात. या रानांचा परिसरविज्ञानाच्या अंगाने पद्धतशीर अभ्यास पुण्यात १९७०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. जैवविविधता जपायची तर ती जपत आलेल्या गावाचा हक्क आधी मानावा लागतो, हा विचार भारतीय परिसरविज्ञानात रुजण्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

देवराया तोवर कोणाच्या नजरेस आल्या नव्हत्या असे नाही. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिच ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच भारतभरच्या अशा रानांची दखल घेतली होती. पुण्यात राहून मावळाच्या वाटा तुडवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात रानातल्या मातृदेवतांचा वेध घेतला. त्यांचे लक्ष मात्र मुख्यतः देवतांच्या प्राचीनतेकडे होते. झाडे कोणती, किती आणि त्यांच्यावाचून काय अडते, हे प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांसाठी उरले.

ते हाती घेतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी. वर्तक हे वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांनी घडवलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (स्थापना १९४६, आता आघारकर संशोधन संस्था) काम करीत. गाडगीळ मूळ पुण्याचे. हार्वर्डमधून पीएच.डी. करून १९७१मध्ये ते परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाण्यापूर्वी काही काळ विज्ञानवर्धिनीतच होते. एकाला सह्याद्रीची झाडे पानाफुलांवरून ओळखता येत. दुसऱ्याकडे गणिती परिसरविज्ञानाची शिस्त आणि गावकऱ्यांशी तासन्‌तास बोलत बसण्याची ओढ होती. दोघांचे निबंध १९७५-७६मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१च्या त्यांच्या यादीत महाराष्ट्रातील २३३ देवराया नोंदल्या आहेत. पुढच्या पाहण्यांनी हा आकडा हजाराच्या पुढे नेला.

पुण्याच्या पश्चिमेचा डोंगराळ पट्टा या कामाची पहिली शाळा ठरला. पानशेत धरणासाठी रस्ता झाला आणि ज्या खोऱ्यात तोवर गाडी पोचत नव्हती तिथून लाकडी कोळसा बाहेर पडू लागला. उतार उघडे झाले, तरी मध्येच देवीच्या रानाचा गर्द ठिपका शिल्लक दिसे. कोणत्याही प्रयोगशाळेत मांडता येणार नाही अशी ही तुलना होती: तीच माती, तोच पाऊस, शेजारी शेजारी दोन जमिनी, आणि एकीवर कुऱ्हाड चाललेली नाही. उरलेल्या डोंगराने काय गमावले, हे मोजायची पट्टी या ठिपक्यांनी पुरवली. आज नष्ट झालेल्या रानाची पुन्हा लागवड करायची म्हटले, तर स्थानिक झाडांचे बी मिळण्याची अखेरची जागाही बहुधा हीच असते.

देवराईत शिरले की पहिला फरक पायाला जाणवतो. पाचोळ्याचा थर इतका जाड असतो की जमीन दबते. पडलेली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा बऱ्याच ठिकाणचा नियम असल्याने खोडे जागीच कुजतात, त्यांवर बुरशी आणि रोपे उगवतात. माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल झाडाझाडांवरून गेलेली असते आणि तिच्या हातभर लांब शेंगा वरून लोंबत असतात. एखादे झाड तोडणे अगदी अटळ झाले, तर देवीला कौल लावतात. मूर्तीला फुले किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे. ते कोणत्या बाजूने पडतात त्यावर होकार वा नकार ठरतो. याकडे निव्वळ अंधश्रद्धा म्हणून पाहणाऱ्याला या रिवाजाचे काम कळलेले नाही. मागणाऱ्याला गावासमोर उभे राहून आपली गरज सांगावी लागते, आणि तोड मुळात थोडी राहते.

नियम सर्वत्र सारखे नाहीत, आणि देवराई म्हणजे हात न लावलेले रान असेही नाही. मावळातल्या आजिवलीच्या वाघजाईच्या राईत भेरली माड आहेत. त्यांची माडी काढून गावाला उत्पन्न मिळत आले आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची हकिकत याहून बोलकी आहे. तिथल्या राईवर वनखात्याची तोड येणार होती, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तक-गाडगीळ यांच्याकडे मदत मागितली. ते दोघे पाहायला गेले, तर लोकांनी देवीच्या कोपाआधी पाण्याची गोष्ट सांगितली: गावचा बारमाही झरा त्या राईतून निघतो. श्रद्धेच्या आड निरीक्षण उभे आहे, ही गोष्ट गाडगीळांच्या पुढच्या साऱ्या लेखनाचा कणा झाली. लोकांनीच भरायच्या जैवविविधता नोंदवहीचा त्यांनी धरलेला आग्रह आणि २०११चा पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल, दोहोंत ती वाचता येते.

पुण्यात ही परंपरा संस्थांनी पुढे नेली. प्रकाश गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीने परिसर-पुनरुज्जीवनाचे शिक्षण दिले. १९९५मध्ये स्थापन झालेले अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन संगमेश्वर भागात गावांबरोबर देवराया राखण्याचे काम करते. तिथल्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात, म्हणून झाड न तोडता फळे विकण्याची सोय लावण्यावर संस्थेचा भर आहे.

आजचा धोका कुऱ्हाडीचा कमी आणि भक्तीचा जास्त आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शहरात गेलेली मंडळी पैसा गोळा करून मंदिराचा जीर्णोद्धार करतात. कौलारू देऊळ जाऊन स्लॅब येतो, सभामंडप येतो, फरशी येते, गाडी पोचावी म्हणून रस्ता येतो, आणि देवीचे रान देवीच्याच नावाने कमी होते. मुळशी-मावळात जमिनीला आलेला भाव या घटीला वेग देतो. मालकीही एकसारखी नाही. काही राया महसूल खात्याकडे, काही वनखात्याकडे, काही देवस्थानांकडे, काही खासगी सातबाऱ्यावर. त्यामुळे एकच कायदा सर्वांना लागू पडत नाही.

जैविक विविधता कायदा, २००२ यातील जैविक वारसा स्थळाची तरतूद इथे उपयोगी ठरू शकते. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला हा दर्जा २०२०मध्ये मिळाला. त्यापाठोपाठ सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील दलदलीलाही तो मिळाला. जायफळाच्या कुळातली दुर्मीळ झाडे तिथे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी आहेत. क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर असून गावाने ते देवराई म्हणून आधीपासूनच राखले होते.