न जाणारी खरखर

स्टिरिओवर काही न लावता आवाज वाढवून पाहा. घुंऽऽ असा गुणगुणाट आला, तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा वायरींचा. तो शोधून काढता येतो. पण मागे उरणारे बारीक ‘सूंऽऽ’ काही केल्या जात नाही. 1918 साली जर्मनीत शॉट्की यांनी त्याचे एक कारण मांडले : प्रवाह सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो. पुढे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांना दिसले, की प्रवाह नसतानाही नुसत्या रोधातून खरखर येते! कारण उष्णता. 77 केल्व्हिनपर्यंत थंड केलेल्या रोधात तिचे व्होल्टेज खोलीतल्यापेक्षा जवळजवळ निम्मे भरते. नायक्विस्ट यांनी ऊष्मागतिकीतून तिचे सूत्र काढले (1928; दोघेही जन्माने स्वीडिश). त्यात रोध आहे, निरपेक्ष तापमान आहे. रोध कशाचा, हे मात्र नाही. जॉन्सन यांनी कार्बन, धातू, मिठाचे पाणीसुद्धा तपासले होते. सगळ्यांची खरखर सारखीच निघाली.