स्वयंपाकघरात सापडलेला पाऊस

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार, फक्त त्यात संवादही बहुतेक गाऊनच म्हणतात. पण नाव काढलं की वाटतं, हे मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचं काम. आज आपण एका वेगळ्या ऑपेराची गोष्ट ऐकू.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरो नावाचं लहान गाव आहे. संगीतकार बेंजामिन ब्रिटन तिथे राहायचे. १९४८ साली त्यांनी मित्रांसोबत तिथे संगीत महोत्सव सुरू केला. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी एक खेळ बसवला. त्यात आधी मुलं आणि मोठी माणसं मिळून ऑपेरा कसा तयार करतात ते दाखवलं जाई. प्रेक्षकांना चार गाणी शिकवली जात. मग धुराडी साफ करणाऱ्या छोट्या सॅमचा ऑपेरा सुरू होई आणि ती गाणी प्रेक्षकच म्हणत.

त्यानंतर त्यांनी नोहाच्या महापुराचा ऑपेरा रचला. नोहाची गोष्ट ऐकली की आपल्याला मनूची आणि त्याच्या नावेची आठवण होते. त्यांनी घेतलेलं नाटक चेस्टर शहरातलं, शेकडो वर्षांपूर्वीचं. तिथे एकेका धंद्याचे लोक एकेक नाटक करत. महापुराचं नाटक होतं नदीचं पाणी वाहून आणणाऱ्यांकडे! त्यात नोहाची बायको मैत्रिणींना सोडून नावेत चढायलाच तयार नसते. शेवटी मुलगे तिला उचलून नेतात.

आता पावसाचे पहिले थेंब कसे वाजवायचे? ब्रिटन यांच्या मदतनीस होत्या इमोजेन होल्स्ट. महायुद्धाच्या काळात त्यांनी विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांना ताल-वाद्यं शिकवली होती. ही खेड्यापाड्यातल्या बायकांची संघटना, म्हणजे आपल्या मंडळांसारखीच. वाद्यं विकत आणायची सोय नसेल, तर घरातली भांडी कामी येत. इमोजेनताईंनी ब्रिटन यांना आपल्या स्वयंपाकघरात नेलं. दोरीला ओळीने टांगलेले चिनी मातीचे कप मोठ्या लाकडी चमच्याने वाजवून दाखवले. तेच कप ऑपेरात आले!

१८ जून १९५८ रोजी ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये पहिला प्रयोग झाला. हा खेळ नाट्यगृहात करू नये, असं ब्रिटन यांचं म्हणणं होतं. गाणारी, वाजवणारी, प्राणी झालेली बहुतेक सगळी मुलं त्याच भागातल्या शाळांमधली. व्हायोलिन नुकतं हातात घेतलेल्यांसाठी नुसत्या मोकळ्या तारा वाजवायचं काम ठेवलं होतं. जमलेले आईवडीलही मधली भजनं म्हणायला उठले.

मैत्रिणींनो, मंडळातल्या आपल्या गाण्याला, ताट-वाटीच्या ठेक्याला आपण ‘वेळ घालवणं’ म्हणतो. तशाच एका मंडळातली युक्ती जगभर वाजली. येत्या बैठकीला मुलांना सोबत आणा. वेगवेगळ्या आकाराचे चार-पाच कप कानाला दोरी बांधून टांगा, लाकडी चमच्याने हलकेच वाजवा. कुठला कप बारीक बोलतो, कुठला जाड, ते मुलांनाच शोधू द्या. मग त्यांना सांगा, आता पाऊस पाडा.