कॅसेट भरून मिळेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने घरात एक ज्यूकबॉक्स तयार करून दिला. त्यात फार काही नाही. एक जुना संगणक, दोन स्पीकर आणि बोटाने चालणारा छोटा पडदा. पडद्यावर अल्बमची चित्रं ओळीने दिसतात, ज्याला बोट लावाल तो वाजू लागतो. ‘‘बाबा, यात हजारो अल्बम मावतील, हवे ते टाका,’’ असं सांगून मुलगा आपल्या कामाला गेला. मी वही-पेन घेऊन यादी करायला बसलो, तो तीन महिने झाले तरी बसलेलाच आहे. जागा भरपूर असली की निवड सोपी होते, असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. शेवटी मीच मर्यादा घालून घेतली. शंभर अल्बम, एकही जास्त नाही. या शंभरांच्या निमित्ताने आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लोकांनी घरासाठी गाणी कशी निवडली, हे मला आज सांगायचं आहे.

आधी ज्यूकबॉक्सविषयी. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास नावाच्या माणसाने नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ बसवला. तेव्हा आवाज मोठा करण्याची सोय नव्हती. नळ्या कानाला लावून ऐकावं लागे, आणि गाणंही एकच असे. पुढे जवळजवळ साठ वर्षांनी, १९४८ मध्ये, सीबर्ग कंपनीने पन्नास तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवणारं, म्हणजे शंभर गाण्यांतून निवड देणारं यंत्र आणलं. माझा शंभराचा आकडा तिथूनच आलेला. मुंबईच्या इराण्याकडे असं यंत्र मी लहानपणी पाहिलं होतं. नाणं टाकलं की आतला हात तबकडी उचलायचा, ते बघण्यातच निम्मी मजा होती. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. बटण गिऱ्हाईक दाबत असलं, तरी आत कोणत्या तबकड्या असाव्यात हे आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असे.

घरातल्या गाण्यांचंही तसंच होतं. भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये झालं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तासभर चालणारा ख्याल गवयाला तेवढ्यात आटपावा लागे. लांबलचक रचनेच्या अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या एका बांधलेल्या पुस्तकात ठेवत, म्हणून त्याला ‘अल्बम’ म्हणू लागले. पण ग्रामोफोन मोजक्या घरांत होता. बाकीच्यांची भिस्त रेडिओवर. १९५२ मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतं जवळजवळ बंद केली, तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि ती माणसं परत आली. ऐकणाऱ्याच्या हातात होतं ते फर्माइशीचं पोस्टकार्ड. गाणं लागेल की नाही, लागलं तर कधी, हे त्याच्या हाती नव्हतं.

आता आमच्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आणून वसवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. छावण्यांचे आकडे मात्र राहिले. आजही लोक ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतात. शेजारच्या अंबरनाथला आगकाड्यांचा कारखाना होता, आयुधनिर्माणी होती. तिथे कोकणातली, घाटावरची, दक्षिणेतली माणसं कामाला आली. माझे वडील त्यांतलेच एक, फिटर होते. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या हद्दीवर, वालधुनी नदीच्या अंगाला आमची चाळ होती. एका बाजूला सिंधी कुटुंब, दुसऱ्या बाजूला सोलापूरकडचं. सगळ्यांचे रेडिओ एकाच भिंतीपलीकडून ऐकू येत.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये. आमच्याकडे ती खरी पोचली सत्तरचं दशक संपता संपता, आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेल्या ‘टू-इन-वन’बरोबर. मग उल्हासनगरच्या बाजारात छोट्या छोट्या गाळ्यांवर पाट्या दिसू लागल्या : ‘कॅसेट भरून मिळेल’. आत भिंतीला लावलेल्या एल.पी., दोन-तीन डेक आणि डोक्याला हेडफोन लावलेला दुकानदार. आपण गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट निवडायची आणि चार दिवसांनी जायचं.

ही यादी करणं हे आमच्या घरातलं एक कामच होतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. साडेतीन मिनिटांचं एक, अशी आठ गाणी धरली की अठ्ठावीस मिनिटं होतात. नववं लिहिलं तर ते मधेच तुटतं. आई आधी एका वहीत लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. वडिलांना नाट्यगीतं हवीत, मला किशोरकुमार, आजीला अभंग. आठांत प्रत्येकाचं काही बसलं पाहिजे. ‘गीतरामायणा’चा प्रश्न तर सुटायचाच नाही. छप्पन्न गीतं, एकेक पाच मिनिटांचं धरलं तरी साडेचार तासांहून जास्त. म्हणजे पाच कॅसेट, आणि तेवढे पैसे एका महिन्यात निघत नसत. आईने मग आठच गीतं निवडली. कोणती घ्यावीत यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला होता.

हे सगळं बेकायदा होतं, हे सांगितलं पाहिजे. गायकाला, संगीतकाराला, कवीला त्यातला एक पैसा मिळत नव्हता. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अशा नकलांबद्दलची शिक्षा कडक झाली. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद सगळीकडे होतो. पण सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी, जे लोकांना हवं आणि परवडत नाही ते स्वस्तात करून देण्याचा धंदा उभारला, हीही त्याची एक बाजू आहे. आम्ही गिऱ्हाइकं काही त्यातून सुटत नाही.

याच काळात दुसरा एक प्रकार आला, ‘व्हर्शन’चा. तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की, मूळ ध्वनिमुद्रिकेला दोन वर्षं झाली की पूर्वसूचना आणि मानधन देऊन तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन विकता येई. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पाच वर्षांची झाली. आमच्याकडे अभंगांची अशी एक कॅसेट होती. आई रोज सकाळी ती लावायची. कॉलेजात गेल्यावर एका मित्राने सांगितलं, हा आवाज मूळ गायकाचा नाहीच. मला फसवल्यासारखं वाटलं आणि मी घरी येऊन आईला ते ऐकवलं. आई म्हणाली, ‘‘असेल. पण मला हाच आवाज सवयीचा आहे.’’ तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

२६ जुलै २००५ ला वालधुनी आणि उल्हास या दोन्ही नद्यांनी काय केलं, हे या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. आमच्या घरात कमरेवर पाणी होतं. कपाटाच्या खालच्या दोन खणांत कॅसेट होत्या, दीडशेच्या आसपास. पाणी ओसरल्यावर त्या गाळात सापडल्या. भिजलेली कॅसेट लगेच वाजवायची नसते, हे मला माहीत नव्हतं. दोन लावून पाहिल्या, त्यांच्या फिती डेकमध्ये गुंडाळून तुटल्या. स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून काही वाचल्या असत्या. मी घाईघाईत बहुतेक फेकून दिल्या. आईची यादीची वही मात्र वरच्या फळीवर होती, ती कोरडी राहिली. आई त्यानंतर तीन वर्षांनी गेली.

आता माझ्या शंभर अल्बमकडे येतो. पहिली यादी मी एका बैठकीत केली. बालगंधर्व, ‘कट्यार’ची नाट्यपदं, भीमसेनजींचे अभंग, १९८५ चं ‘राम श्याम गुणगान’, बाबूजींचं ‘गीतरामायण’. चाळीस नावं सहज झाली. मग आईची वही काढून ताडून पाहिलं, तर तिच्या यादीतली निम्मी गाणी माझ्या यादीत नव्हती. मी लिहिलेली यादी ही पाहुण्यांनी पडद्यावर पाहावी अशी होती. प्रह्लाद शिंदे यांची गाणी तिच्यात नव्हती, आणि आमच्या चाळीत तर ती गणपतीत आणि चौदा एप्रिलला रोज वाजत. भिंतीपलीकडून मी लहानपणापासून ऐकलेल्या मास्टर चंदर आणि भगवंती नावाणी या सिंधी गायकांचं नावही मला सुचलं नव्हतं.

‘गीतरामायणा’पाशीही अडलो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते पहिल्यांदा झालं, तेव्हा बाबूजींबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेकजण गायले होते. घराघरांत राहिलं ते एकट्या बाबूजींच्या आवाजातलं, कारण तेच तबकड्यांवर आणि कॅसेटवर मिळालं. म्हणजे ‘मूळ’ म्हणून आपण जे जपतो, तेही पुष्कळदा बाजारात जे उरलं ते असतं. २०१७ मध्ये सारेगामाने ‘कारवाँ’ नावाचा पाच हजार गाणी भरलेला पेटीवजा रेडिओ आणला, तो आमच्या कितीतरी शेजाऱ्यांकडे आहे. चांगली सोय आहे. पण ती पाच हजार गाणी कंपनीने स्वतःच्या साठ्यातून निवडलेली. जे त्या साठ्यात नव्हतं ते त्या पेटीतही नाही.

मोठ्या गायकांच्या मूळ तबकड्यांची काळजी घेणारे लोक आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून ते काम करते आहे. आईच्या त्या व्हर्शन कॅसेटला कोण सांभाळणार? मी मूळ अभंग पाच मिनिटांत मिळवले. आईचा आवाज म्हणून माझ्या कानात बसलेला तो दुसरा गायक महिनाभर शोधला, मिळाला नाही.

मग शेजारच्या सिंधी मावशींच्या मुलाला फोन केला. ते लोक पुराच्या आधीच कॅम्प पाचमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात गेले होते. तो म्हणाला, ‘‘दादा, अम्मांची एक कॅसेट आहे बघा, तुमच्या आईने भरून दिलेली.’’ आईने आमच्याच डेकवर ती करून दिली होती. एका बाजूला मावशींची सिंधी भजनं, दुसऱ्या बाजूला आईचे अभंग, त्याच गायकाच्या आवाजात. शेवटचा अभंग तीस मिनिटं संपल्यामुळे मधेच तुटतो.

ती मी संगणकात उतरवून घेतली. ती अल्बम नाही, तिला चित्र नाही, तिच्यावर कोणा कंपनीचं नाव नाही. पडद्यावर चित्राच्या जागी वहीच्या पानाचा फोटो लावला आहे. तिच्यासाठी जागा करायला एक नामांकित अल्बम यादीतून काढावा लागला. कोणता, ते सांगत नाही. तुम्ही भांडाल.

शंभरांतले एकसष्ट झालेत. उरलेल्या एकोणचाळीसांसाठी आता मी एकटा बसत नाही. चाळीतले जुने लोक बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीला पांगलेत, त्यांना एकेक करून विचारतो आहे : तुमच्या घरी तेव्हा काय वाजायचं?